सल्ला फसला तरी विचारणे थांबवू नये

कारखाना असो, शाळा असो की बाजारातले दुकान. चार माणसे हाताखाली आली की आपली एकच रीत ठरून जाते. कोणी सगळ्यांवर ओरडतो, कोणी सगळ्यांना मोकळे सोडतो. खरे तर माणूस आणि प्रसंग पाहून रीत बदलावी लागते. सीरतमध्ये हे आपल्याला ठिकठिकाणी दिसते.

हिजरी ३ मध्ये उहुदच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा कल मदीना शहरात राहूनच मुकाबला करण्याकडे होता. बद्रला जाऊ न शकलेल्या तरुणांनी बाहेर पडण्याचा आग्रह धरला. प्रेषितांनी (स.) तो मानला, आणि नंतर तरुणांनाच पश्चात्ताप झाला तरी ठरलेला निर्णय बदलला नाही. पुढे तिरंदाजांनी जागा सोडली, मोठी हानी झाली, हजरत हमजा (रजि.) शहीद झाले. या पार्श्वभूमीवर सूरह आलि इमरानची १५९ वी आयत उतरली. तिच्यात लोकांना माफ करण्याचा आणि त्यांच्याशी सल्लामसलत करण्याचाच आदेश आहे.

आपल्याकडे उलटे घडते. एखाद्या कामगाराच्या सांगण्यावरून घेतलेला माल पडून राहिला, की त्याला पुन्हा कोणी विचारत नाही. मग पुढची चूक डोळ्यांसमोर दिसत असूनही तो गप्प बसतो.

सल्लामसलत ही मात्र एकच रीत नव्हे. हिजरी ६ मध्ये हुदैबियाच्या करारानंतर सहाबा इतके खिन्न होते की कुर्बानी करण्यास सांगूनही कोणी उठेना. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सुचवले की कोणाशी न बोलता आधी स्वतः कुर्बानी करावी. प्रेषितांनी (स.) तसे केले आणि सगळे उठले. खचलेल्या माणसांना समोर उदाहरण लागते.

तरुण हजरत उसामा (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) लष्कराचे प्रमुख नेमले होते. पुढे खलीफा झालेल्या हजरत अबू बक्र (रजि.) यांनी ती नेमणूक कायम ठेवली. इतकेच नव्हे, तर हजरत उमर (रजि.) यांना मदीनेत ठेवून घेण्यासाठी त्यांनी उसामांचीच परवानगी मागितली. जबाबदारी दिली की तिचा मानही राखावा लागतो.

म्हणून नवख्याला काम करून दाखवावे, जाणत्याला विचारावे, तयार झालेल्यावर सोपवावे. आग लागली असेल, तर मात्र सरळ हुकूम द्यावा. आणि मागच्या चुकीमुळे ज्याला विचारणे आपण बंद केले आहे, त्याला उद्या कामावर गेल्यावर पुन्हा एकदा विचारू या.