‘आपला माणूस’ फक्त आपल्याच मोहल्ल्यात का?

सच्चर समितीच्या अहवालानंतर केंद्राने राज्यांना एक सूचना केली होती : मुस्लिमबहुल भागातल्या पोलीस ठाण्यांत मुस्लिम पोलीस नेमा. हेतू चांगला होता. १९९२-९३च्या मुंबई दंगलींत पोलिसांनी केलेल्या पक्षपाताची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. अशा वेळी ठाण्यात ओळखीचा चेहरा असणं हा दिलासाच. तरीही तेवढ्यावर समाधान मानणं मला मान्य नाही.

कारण त्यातून मुस्लिम शिपाई हा मुस्लिमांपुरता पोलीस होऊन बसतो : ईदचा बंदोबस्त, शांतता समितीची बैठक, उर्दू कागद वाचणं. पण संशय कुणावर घ्यायचा, पुरावा पुरेसा आहे का, हे ठरतं गुन्हे शाखेत, सायबर शाखेत, दहशतवादविरोधी पथकात. तिथे माणसं कशी निवडली जातात, हे आपण विचारतच नाही. हसन गफूर आणि अहमद जावेद मुंबईचे पोलीस आयुक्त झाले, याचा अभिमान आहेच. पण शिखरावरची दोन नावं मधल्या फळीचा हिशेब देत नाहीत.

शिपाई भरतीत मैदानी चाचणी, लेखी परीक्षा, गुणवत्ता यादी असते. नापास झालेल्यालाही कुठे कमी पडलो ते कळतं. खास शाखांतली नेमणूक मात्र बदलीच्या वाटेने होते. प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात तशी तरतूद केली. आता पुढचं पाऊल हवं. प्रत्येक खास पथकाचे निकष जाहीर व्हावेत, पात्र असलेल्या सगळ्यांकडून अर्ज मागवावेत आणि नाकारलेल्याला लेखी कारण मिळावं.

मी राखीव जागा मागत नाही. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीत समान संधी देतं. धर्म बघून घेऊ नका, धर्म बघून गाळूही नका, एवढंच म्हणणं आहे. याचा फायदा फक्त आपल्याला नाही. वशिला नसलेल्या प्रत्येक शिपायाला आहे.

आणि दोस्तांनो, खाकी अंगावर चढली म्हणजे काम संपलं, असं समजू नका. सायबर तपास शिका, कायदा वाचा, अर्ज करा. ‘आपल्याला कोण घेणार?’ असं घरी बसून म्हटलं, तर नकार देण्याचे कष्टही कुणाला पडत नाहीत. अर्ज केलात, तर उत्तर देणं त्यांना भाग आहे.