पंधरा रुपयांचा सातबारा

शनिवारी सकाळी दादरहून एसी बस, जेवण फुकट आणि "सर, शेवटचे चारच प्लॉट उरलेत". आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी ही कर्जतची वारी केलीय. मीही केली. कशेळ्याच्या पुढे फक्कीने आखलेले पाच-पाच गुंठ्यांचे चौकोन, मागे हिरवागार डोंगर, हवा एकदम मस्त. उभ्या उभ्या 51 हजारांचं टोकन देऊन आलो. (हो, रिलीजच्या आधी टेस्टिंग करा म्हणून ज्युनियर पोरांना झापणारा तोच मी!)

घरी आल्यावर सातबारा काढला. ऑनलाइन, डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांत. त्यात जमीन भोगवटादार वर्ग 2, आणि 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं नाव. सेल्सवाला म्हणाला, "सर, ते सगळं नंतर निघून जातं."

काय निघून जातं? कूळ हा काही सातबाऱ्यावरचा डाग नाही. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं गेलं, ते ज्या 1948 च्या कुळकायद्याने, त्याच्याच कलम 63 प्रमाणे आपण, म्हणजे ज्यांच्या नावावर शेती नाही असे पगारदार, परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ शकत नाही. घेतलीच तर व्यवहार अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं.

मग मी रेरा नंबर मागितला. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर 2016 च्या कायद्याने नोंदणी लागते. इथला एक प्लॉटच 506 चौरस मीटरचा! उत्तर आलं, "ही शेतजमीन आहे सर, रेरा लागत नाही." बरं. शेतजमीन असेल तर मी घेऊ शकत नाही, आणि नसेल तर रेरा नंबर दाखवा. इफमध्येही अडकलो आणि एल्समध्येही. यावर त्यांचा तोडगा काय, तर "सामायिक सातबाऱ्यावर नाव चढवू". म्हणजे पन्नास अनोळखी लोकांबरोबर एकत्र कुटुंब. उद्या विकायचं झालं तर प्रत्येकाच्या दारात जा.

"पण लोकल येतेय ना पनवेल-कर्जत," असं मित्र म्हणतात. येऊ दे की. लोकल आल्याने सातबारा बदलतो का? नेरळ-माथेरानच्या आसपास 2003 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, तोही लोकलने उठत नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो 'स्वस्त' या शब्दाचा. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर ठाकूर आणि कातकरी राहतात. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, महसूल कायद्याचं कलम 36 आणि 36-अ त्यासाठीच आहे. तरीही साठेकरार आणि मुखत्यारपत्रावर "व्यवस्था होते" असं बिनदिक्कत सांगतात. आपल्याला गुंठा स्वस्त पडतो तो कुणाच्या तरी अंगठ्यामुळे, एवढं तरी माहीत असावं. आणि डोंगराच्या कुशीत बंगला हवा असणाऱ्यांनी इर्शाळवाडी आठवावी. जुलै 2023 च्या त्या रात्री खालापूरच्याच डोंगराने वाडीतली घरं गिळली. तिथले लोक 'व्ह्यू'साठी राहत नव्हते.

'रिव्हर टच'चं तर विचारूच नका. पेज नदी भर उन्हाळ्यात वाहते ती भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर. तुमच्या प्लॉटमागचा ओढा मेमध्ये बघा. मग जुलैत पुन्हा बघा, तोवर तो प्लॉटमधून वाहत असेल.

घ्यायचंच असेल तर जुने फेरफार काढा, मोजणीचा नकाशा मागा, रस्ता कुणाच्या शेतातून जातो ते विचारा. वकील आपला करा, कर्जत कोर्टात बसणारा, त्यांच्या बसमधला नको. आणि भाड्याच्या उत्पन्नाचाच हिशोब असेल तर सरळ कर्जत गावात फ्लॅट बघा, लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करा. थ्रिल नाही, मान्य. निदान दार उघडून आत तरी जाता येतं.

माझं टोकन अजून परत आलेलं नाही. मेसेज मात्र दर शुक्रवारी येतो: शेवटचे चारच प्लॉट उरलेत.