उन्हाळी महोत्सव : शोभा कोण, यजमान कोण?

उन्हाळा लागला की पेपरात एक चौकट येते. या उन्हाळ्यात कुठं काय पाहाल. पुण्यात वसंत व्याख्यानमाला. मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरात पोरांसाठी नाटकं अन् शिबिरं. २०२५ च्या मे महिन्यात, २ ते ४ तारखेला, महाबळेश्वरला सरकारचा महापर्यटन उत्सव झाला, तोही चौकटीत होता. तारीख, वेळ, पत्ता, तिकीट. सगळं बयजवार.

ही चौकट धारणीत बसून वाचायची म्हणजे मोठी गंमत हाय, गड्याहो. बाहेर ऊन चामडी सोलतं. अर्धा मोहल्ला कामाले बाहेरगावी गेलेला. हातपंप नुसता खडखडतो. अन् पेपर विचारतो, या रविवारी कोणता कार्यक्रम बघणार?

मी गिरणीत पाळी करणारा माणूस. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर शिकलो. तू कलेबद्दल काय बोलतं, असं कुणी म्हणत असेल तर म्हणू दे. चौकटीत ज्याचं नाव नाही त्यानंच चौकटीबद्दल बोललं पायजे. म्हणून ही दुसरी मार्गदर्शिका. हिच्यात तिकिटाचा दर नाही. कोणत्याही महोत्सवाच्या मांडवात शिरायच्या आधी विचारायचे तीन प्रश्न आहेत. माझं नाव कुठं लिहिलं? माझा दाम किती? अन् माझी भाषा चालते का?

आधी एक गोष्ट साफ करतो. मी महोत्सवाच्या विरोधात नाही. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. दीडशे वर्षं लोक उन्हाळ्याच्या संध्याकाळी येतात, बसतात, ऐकतात, ही काही लहान गोष्ट नाही. पण त्याच रानड्यांच्या मंडळींनी १८८५ च्या मे महिन्यात पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरवली अन् जोतीराव फुल्यांना निमंत्रण धाडलं, हेही ध्यानात ठेवा. जोतीरावांनी नाही म्हणून कळवलं. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा, की जी माणसं सगळ्या माणसांचे हक्क उघडपणे मान्य करत नाहीत त्यांच्या सभेत आमचं काय काम? आमचं दुःख त्यांना कुठून कळणार? आमचं आम्ही पाहू.

मराठी साहित्याच्या उत्सवाला आलेला हा पहिला मोठा नकार. तो उन्हाळ्यातच आला, अन् तो बहुजनाच्या घरातून आला.

आता तसा नकार देणं अवघड झालंय. काऊन? कारण आता निमंत्रण हक्क नाकारून येत नाही. हार घेऊन येतं. गाडी पाठवतं. मंचावर चढवतं. अन् मंचावर चढवून माणसाची शोभा करून टाकतं.

मेळघाटाचेच बघा. मेळघाटाचे दोन फोटो साऱ्या जगाले ठाऊक आहेत. एक १९९३ पासूनचा. त्या साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी देश हादरला, तेव्हापासून हाडं निघालेलं पोर हा एक फोटो झाला. दुसरा फोटो रांगेत नाचणाऱ्या कोरकू बाईचा. पहिल्या फोटोखाली लिहिलेलं असते : मेळघाटातील एक आदिवासी बालक. दुसऱ्याखाली : पारंपरिक नृत्य सादर करताना आदिवासी महिला. नाव दोघांनाही नाही. फोटो काढणाऱ्याचं नाव मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरात असतेच.

उपासानं मरणाऱ्याले नाव नाही अन् नाचणाऱ्यालेही नाव नाही. हे दोन फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत, दोस्तांनो.

तुम्ही म्हणाल, नावात एवढं काय ठेवलंय? पैसे ठेवलेत. राज्य सरकारची म्हाताऱ्या कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. आता तिचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. महिन्याला ५,००० रुपये. अर्जाबरोबर कलेच्या कामाचे पुरावे मागतात. कात्रण दाखवा, प्रमाणपत्र दाखवा, पत्रिका दाखवा. ज्या बाईनं जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांपुढं गादली-सुसून केलं, तिच्यापाशी कोणता कागद असणार? शंभर फोटोत ती आहे अन् एकाही फोटोत तिचं नाव नाही. फोटोखालचं नाव कुणाले मिरवायले नको आहे. ते तिच्या म्हातारपणीच्या चुलीवरचं भांडं आहे.

आता दाम. मांडववाल्याले पैसे मिळतात. लाऊडस्पीकरवाल्याले मिळतात. सूत्रसंचालन करणाऱ्याले पाकीट मिळते. उद्घाटकाची गाडी, हार, फेटा, सगळ्याचं बिल होते. अन् ज्याच्या नावानं हा खर्च टाकला त्या नाचणाऱ्या मंडळीले काय? जाण्यायेण्याचं भाडं अन् पत्रावळीवरचं जेवण. विचारलं तर उत्तर तयार असते, बाप्पा ही तर तुमची परंपरा हाय, परंपरेचे पैसे कसे घेता?

मलाही एका महोत्सवात कविता वाचायले बोलावलं होतं. कोणाच्या, ते सांगत नाही. एक रात्रपाळी बुडवून गेलो. तीन मिनिटं दिली. शाल दिली. पाळीचा पगार कापला गेला तो गेलाच. शालीनं किराणा येत नाही. अन् उन्हाळ्यात शाल पांघरायची तरी कुठं?

म्हणून साफ सांगतो. परंपरा ही काही फुकट मजुरी नाही. गिरणीत आम्ही कामाच्या तासाचा दाम मागतो, तर मांडवात कायले लाजायचं? घाम तोच हाय.

तिसरा प्रश्न भाषेचा. कोरकू ही मराठीची बोली नाही अन् हिंदीचीही नाही. ती मुंडारी, संथाळीच्या कुळातली, वेगळीच भाषा. २०११ च्या जनगणनेत ७ लाखांच्या वर माणसांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. संथाळी २००३ साली संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गेली, कोरकू बाहेरच. महोत्सवात तिचं काय होते? बाया गातात, अन् त्या काय गातात हे सांगणारा मंचावर कोणी नसतो. निवेदक म्हणतो, आता पाहू या एक रंगतदार आदिवासी नृत्य. पाहू या! ऐकू या नाही. शब्द असलेल्या गाण्याले त्यानं मुकं करून टाकलं.

आपल्यातला कोणी म्हणेल, त्यांची होळी, त्यांचा मेघनाथ, आपला काय संबंध? आपण १९५६ नंतर हे सारं सोडलं. बरं केलं सोडलं, मी त्यावर पाणी टाकत नाही. पण कोरकूची होळी म्हणजे कामाले बाहेर गेलेला माणूस घरी येण्याचा दिवस. मग काही दिवस फगवा, मग गावोगाव मेघनाथाची जत्रा. तिथं तिकीट नाही, निवेदक नाही. नाचणारा दमला की बघणारा नाचतो. उद्घाटक नसला तरी काही अडत नाही. तोच नाच पाच मिनिटांचा करून स्वागताले उभा केला की तिथं माणूस सरतो अन् शोभा उरते. आपण तो सण पाळायचा नाही, पण त्या माणसाचं असं शोभेचं झाड होताना गप्पही राहायचं नाही. अन् आपल्या मिरवणुकीपुढं रंगासाठी त्याले नाचवायचं तर अजिबात नाही. तसं केलं तर आपणही त्याच कॅमेऱ्यामागं उभे राहिलो.

जागेचंही असंच होते. मुंबईच्या गिरणगावात कामगारांची भजनं होती, लोकनाट्यं होती. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख अन् गव्हाणकरांनी लालबावटा कलापथक काढलं, ते याच कामगारांच्या जिवावर वाढलं. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या घरात कामगार उतरले. संप मोडला, गिरण्या गेल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल हाय. आपल्याकडं अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. कामगार गेला की त्याचं गाणं कुठं राहते? यजमान हाकलला की त्याच्याच अंगणात दुसऱ्याचा उत्सव लागते.

मग करायचं काय? रडायचं नाही. यजमान व्हायचं.

१९२७ च्या नोव्हेंबरात, १३ तारखेला, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. थिएटर नाटकाचं होतं. त्या दिवशी तिथं आपली माणसं कोणाच्या स्वागताले उभी नव्हती, स्वतःच्या प्रश्नावर बोलत होती. मंच असाच आपला होते. एक दिवस का होईना, आपण यजमान झाल्यावर.

अन् आज आपल्या हातात जो उन्हाळा आहे त्याचं आपण काय करतो, हेही बोललं पायजे. ११ एप्रिल जोतीरावांची जयंती. १४ एप्रिल बाबासाहेबांची. १ मे कामगाराचा. मग वैशाख पौर्णिमा. कोणत्या शहरापाशी एवढा मोठा उन्हाळी महोत्सव हाय? कोणा सरकारनं तो दिला नाही. १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पहिली भीमजयंती केली, तिथून वस्तीवस्तीनं वर्गणी काढून तो वाढवला. भीमराव कर्डकांच्या जलशानं गावोगाव चळवळीची बातमी गाण्यातून नेली. ज्याले वाचता येत नव्हतं त्याले जलशानं शहाणं केलं.

त्या मंचावर आज काय हाय? डीजे. भिंती हादरतात, म्हातारी माणसं कानात बोळे घालून बसतात, शब्द एक ऐकू येत नाही. वर्गणीचा मोठा वाटा एका रात्रीत धूर होते, अन् वस्तीतला हार्मोनियमवाला शाहीर ओट्यावर बसून बघते. सरकारी निवेदक कोरकू गाण्याले मुकं करतो म्हणून आपण त्याले शिव्या देतो. मग डीजेनं भीमगीत मुकं केलं त्याले काय द्यायचं?

शेवटी एक दूरची गोष्ट. १९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत काळ्या लोकांनी आपला महोत्सव केला. सहा रविवार, एका बागेत, फुकट. सगळे मिळून तीन लाखांच्या आसपास लोक आले. नीना सिमोन गायली, महालिया जॅक्सन गायली. ब्लॅक पँथरची पोरं बंदोबस्ताले उभी होती, ज्यांचं नाव पाहून १९७२ साली आपल्या पोरांनी दलित पँथर काढली. सगळ्याचं चित्रीकरण झालं. पण पुरी फिल्म दाखवायले कोणी तयार नाही. त्याच उन्हाळ्यातला गोऱ्या पोरांचा वुडस्टॉक जगभर गाजला, अन् हार्लेमची फिल्म पन्नास वर्षं तळघरात पडून राहिली. २०२१ साली ती लोकांपुढं आली, तोवर त्यातले कितीतरी गाणारे मातीत गेले होते.

उत्सव करणं पुरत नाही. त्याची नोंदही आपल्याच हातात पायजे.

तर या उन्हाळ्याची कामं लिहून घ्या. जयंतीच्या पत्रिकेवर उद्घाटकाच्या आधी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं छापा, गावासकट. डीजेची सुपारी जलशाले द्या, अन् मंच उतरायच्या आधी हातात द्या. वस्तीतल्या अन् शेजारच्या ढाण्यातल्या म्हाताऱ्या कलावंतांचे मानधनाचे अर्ज तुम्ही भरा, पुरावा म्हणून तीच छापलेली पत्रिका जोडा. कोरकू मंडळीले बोलवायचं असेल तर बिदागी आधी ठरवा, अन् त्यांच्या गाण्याचा अर्थ त्यांच्यातल्याच कोणाले माइकवरून सांगू द्या. अन् कुठूनही हार घेऊन निमंत्रण आलं, की हे तीन प्रश्न विचारा : नाव? दाम? भाषा?

उत्तर नाही आलं, तर आपणही जायचं नाही. नकार कसा लिहायचा ते जोतीरावांनी १८८५ लेच शिकवून ठेवलंय.

जयभीम.