विश्लेषण : पोटाच्या ‘एमआरआय’मध्ये श्वास का रोखायला सांगतात?

दातिवऱ्याहून एमआरआयसाठी मुंबईला जायचे, तर आधी सफाळे स्थानक गाठायचे आणि मग गाडी पकडायची. एवढे करून ‘श्वासाच्या हालचालीमुळे प्रतिमा अस्पष्ट’ असा शेरा मिळाला, तर पुन्हा तोच प्रवास आणि आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली. हा फेरा बऱ्याचदा टाळता येण्यासारखा असतो.

पोटात नेमके काय हलते?

छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल प्रत्येक श्वासाला खाली-वर होते. त्याबरोबर यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंडेही सरकतात. शांत श्वासातही यकृत साधारण एक ते दोन सेंटिमीटर हलते. शोधायची गाठच एक सेंटिमीटरची असेल, तर ती या हालचालीत पुसली जाऊ शकते.

सीटी स्कॅनमध्ये ही अडचण कमी का?

आजचे सीटी यंत्र पूर्ण पोट काही सेकंदांत टिपते. सुरुवातीला तसे नव्हते. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले, ते मेंदूचे. एकेका छेदाला काही मिनिटे लागत आणि डोके तेवढा वेळ स्थिर ठेवता येई, पोट नाही. एमआरआय आजही तुलनेने संथ आहे. ते चित्र एकदम न टिपता तुकड्यातुकड्याने माहिती गोळा करते. मधल्या वेळात पोट हलले की पोटाच्या कडेच्या फिकट सावल्या चित्रभर उमटतात.

त्यावर उपाय कोणते?

पहिला उपाय श्वास रोखण्याचा. एका वेळी साधारण १५ ते २० सेकंद, असे अनेकदा. दुसरा उपाय श्वासाच्या तालावर चालण्याचा. धक्क्याला बांधलेली होडी लाटेवर डुलत असली, तरी ती दरवेळी खाली आल्यावरच फोटो काढला, तर सगळे फोटो जुळतात. तसेच यंत्र श्वास सोडल्यानंतरच्या स्थिर क्षणीच माहिती घेते. त्यासाठी पोटावर पट्टा बांधतात किंवा यंत्रच श्वासपटलाचा माग घेते. माग घेण्याची ही पद्धत अमेरिकेतील एहमन आणि फेल्मली यांनी १९८९ मध्ये मांडली. तिसऱ्या प्रकारात रुग्ण मोकळेपणाने श्वास घेतो. माहिती चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषांत गोळा होते आणि संगणक श्वासाच्या स्थितीनुसार ती वेगळी करतो.

मग अडते कुठे?

प्रत्येक केंद्रात प्रत्येक पद्धत नसते. वेळही जास्त लागतो. शिवाय काही क्षण हुकले की हुकलेच. यकृताच्या तपासणीत शिरेतून औषध दिल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटाने धमन्यांचे जे चित्र मिळते, ते त्या बैठकीत पुन्हा घेता येत नाही. नेमक्या तेव्हा रुग्णाने धाप लागून श्वास सोडला, तर गाठीची महत्त्वाची खूण निसटते.

म्हणूनच सर्वात स्वस्त उपाय यंत्राबाहेर आहे. यंत्राच्या खडखडाटात इअरफोनमधून इंग्रजी सूचना आली, तर आयुष्यभर मासेमारी केलेल्या आजोबांनी काय समजावे? ‘श्वास घ्या, सोडा, आता थांबा’ हे मराठीत सांगून, आत नेण्यापूर्वी पाच मिनिटे सराव करून घेणे केंद्रांनी सक्तीचे करायला हवे. कोट्यवधींच्या यंत्रापुढे हा खर्च नगण्य आहे.

रुग्णाने काय करावे?

दमा, हृदयविकार किंवा कमी ऐकू येण्याचा त्रास असल्यास तंत्रज्ञाला आधीच सांगावे. ‘इतका वेळ श्वास रोखता येणार नाही’ हे सांगण्यात कमीपणा नाही, त्यानुसार पद्धत बदलता येते. मोकळ्या श्वासात तपासणी होते का, हे वेळ ठरवतानाच फोनवर विचारावे. जमत असेल त्यांनी घरी आडवे पडून, श्वास सोडून थांबण्याचा सराव करावा. श्वास सोडल्यावर अवयव दरवेळी जवळपास त्याच जागी येतात. सफाळ्याची दुसरी फेरी तेवढ्याने वाचू शकते.