जादूगाराला कुंपण कशासाठी?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आठ दिवस आमच्याकडे राहायला होता. फराळाची ताटली मांडीवर, कानाला हेडफोन आणि समोर 'ड्रॅगन एज' नावाचा व्हिडिओ गेम. तसा जुनाच, २००९ सालचा. मी चहाचा कप घेऊन मागे उभा राहिलो. पडद्यावर तळ्याच्या मधोमध एक उंच मनोरा होता आणि त्यात जन्मतःच अंगात जादू असलेली माणसं कोंडलेली होती. पोराच्या अंगात जादू दिसू लागली की त्याला आईबापांपासून तोडून इथे आणायचं. दारावर टेम्प्लर नावाचे चिलखतवाले पहारेकरी. प्रत्येक जादूगाराच्या रक्ताची कुपी त्यांच्याकडे जमा. पळाला तर कुपीवरून माग काढायचा. एखादा फारच धोक्याचा वाटला, तर एका विधीने त्याच्या मनातल्या साऱ्या भावना पुसून टाकायच्या. मग तो कपाळावर डाग घेऊन सांगितलेलं काम निमूट करत बसतो.

"बरोबरच आहे ना, मामा," चकली मोडत भाचा म्हणाला. "सोडलं तर गाव पेटवतील."

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष धड मांडावा, ही आपल्याकडची जुनी रीत. टीव्हीवरच्या चर्चांनी ती मोडली, तो भाग वेगळा. तर भाच्याचं म्हणणं असं. या जगातली जादू म्हणजे टोपीतून ससा काढणं नव्हे. तिच्या वाटेने सैतान माणसात शिरतो आणि शिरला की आसपासचं कोणी वाचत नाही. तलवारवाल्याची तलवार काढून घेता येते, याची जादू कशी काढून घेणार? त्याने अजून काही केलेलं नाही, कबूल. पण म्हणून शेजाऱ्याने रात्री डोळा मिटायचाच नाही का? गाव जळून गेल्यावर खटला भरून काय उपयोग? शिवाय मनोऱ्यात जेवण आहे, ग्रंथालय आहे, शिकवायला गुरू आहेत. बाहेर लोक दगडांनी ठेचून मारतील. म्हणजे कोंडणं हे त्याच्याही भल्याचंच.

शेवटच्या वाक्यावर मी खुर्ची ओढून बसलो. कोंडणाऱ्याला कोंडलेल्याच्या भल्याचा पुळका येतो, तेव्हा माझे कान टवकारतात. कारण हे सगळं आपल्याकडे झालेलं आहे, आणि तेही पडद्यावर नव्हे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा तर्क सरळ होता: सुताराचा मुलगा सुतार, कोष्ट्याचा मुलगा कोष्टी, तसा चोराचा मुलगा चोर. म्हणजे गुन्हा माणूस करत नाही, जात करते. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या निर्णयाला कोर्टात आव्हान देण्याची सोय नव्हती. आधी हा कायदा उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ साली तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नाव नोंदवा, ठरल्या वेळी हजेरी द्या, गाव सोडायचं तर पास घ्या. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याची तरतूद १८९७ च्या दुरुस्तीने आली. बोटांचे ठसे १९११ च्या कायद्याने आले.

"म्हणजे रक्ताची कुपी," भाचा म्हणाला आणि त्याने खेळ थांबवला.

सोलापुरात या लोकांसाठी तारेचं कुंपण घातलेली वसाहत होती. तिला सगळे 'सेटलमेंट' म्हणायचे, आजही म्हणतात. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आणि पुढे नंबर, असा पत्ता तिथे अजून चालतो. पत्त्यात 'फ्री' लिहावं लागणारी वस्ती मला दुसरीकडे कुठे आढळलेली नाही. माणसं दिवसा गिरणीत राबायची, संध्याकाळी हजेरीला कुंपणात. ज्या हातांची सरकारला एवढी धास्ती, ते हात गिरणीच्या साच्यावर मात्र बिनधोक चालत होते! देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. ही माणसं कायद्याच्या जाचातून सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला, पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. म्हणून पारधी, कैकाडी, बेरड, भामटा, कंजारभाट, रामोशी अशा चौदा जमातींना महाराष्ट्रात 'विमुक्त' म्हणतात आणि त्या वस्त्यांमध्ये ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन असतो. पण कुंपण गेलं तरी सवय गेली नाही. जन्मावरून माणसाला सराईत ठरवण्याचा हा वास तुरुंगांच्या नियमावल्यांत इतका मुरला होता, की तो काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी द्यावा लागला.

इथे भाच्याने मला बरोबर पकडलं. म्हणाला, "मामा, हे उदाहरण लागू नाही. पारध्याच्या हातात काही आग नसते. तिथे सरकारचा पूर्वग्रह होता. जादूगाराच्या हातात खरोखर आग आहे."

हा आक्षेप चांगला आहे. बहुतेक पुरोगामी लेख इथे विषय बदलतात. मी बदलणार नाही.

तर खरोखरचा धोका घेऊ. लांब जायला नको, पुण्यातच १८९७ चा प्लेग आहे. प्लेग हा कुणाचा पूर्वग्रह नव्हता, माणसं पटापट मरत होती. रोगी वेगळा ठेवणं गरजेचं होतं, यावर वाद नाही. पण त्याच वर्षी, त्याच शहरात या एकाच धोक्याशी दोन तऱ्हांनी वागणूक झाली. रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने गोरे सोजीर घराघरांत घुसवले. देवघरात, स्वयंपाकघरात, माजघरात बुटांनिशी. माणसं छावण्यांत नेली, सामान जाळलं. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळीने झाला. दुसरी तऱ्हा हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या मळ्यात होती. तिथे सावित्रीबाईंचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांनी दवाखाना थाटला होता. गावाबाहेर, म्हणजे रोगी वेगळे ठेवले होतेच. फरक इतकाच की तिथे कोणी रोग्याला धरून आणत नव्हतं. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन आणलं. साठी उलटलेली बाई! त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

म्हणजे धोका खरा असला तरी 'कोंडा' हे एकच उत्तर निघत नाही. दुसरं असं, की प्लेगचा रोगी बरा झाला की घरी जातो. त्याच्या वेगळं राहण्याला शेवटची तारीख असते. मनोऱ्यातला जादूगार बरा कधी होणार? त्याला तर आजारच नाही. तो जन्मभर आत, कारण तो जन्मला. हा विलगवास नव्हे, ही जन्मठेप आहे. तिच्यासाठी खून नको, दरोडा नको, फक्त बारसं पुरे.

आता आगीबद्दल. जी करामत जाळते तीच राखते, हे पुणेकरांना सांगायला नको. पुरंदर किल्ल्याची राखण रामोशांकडे होती. रात्री डोंगरात वाट काढणं, चाहूल लागू न देणं, पावलांचे ठसे वाचणं, ही त्यांची विद्या. इंग्रजी अंमल आला आणि राखणीची वतनं गेली. मग भिवडीच्या उमाजी नाईकांनी त्याच विद्येने इंग्रजांना पळता भुई थोडी केली. सरकारने त्यांना एकदा माफी देऊन चाकरीत घेतलं, पुन्हा बिनसलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात खडकमाळ आळीच्या मामलेदार कचेरीत त्यांना फाशी दिलं. एवढं झाल्यावर पुण्याच्या कॅम्पातल्या साहेबांनी बंगल्यावर पहारेकरी म्हणून कोणाला ठेवलं असेल? रामोशालाच! रामोशी दारात असला की घरात चोरी होत नाही, हा पक्का हिशेब होता. ज्याची भीती वाटते त्याच्याच हाती किल्ल्या. हे शहाणपण बंगल्यापुरतं होतं, कायद्यात मात्र उतरलं नाही.

आणि आपल्याकडच्या जादूगारांचं काय? पुण्याहून पंचवीस किलोमीटरवर आळंदी आहे. गोष्ट प्रत्येक घरात माहीत आहे: चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आले आणि ज्ञानेश्वर भावंडांसह भिंतीवर बसून त्यांना सामोरे गेले. गोष्टीच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. पण लोकमानसाने तिचा शेवट काय केला ते बघा. गावाने वाघवाल्याला पिंजऱ्यात घातलं नाही. त्याला त्याच्याहून मोठं कोणी भेटलं आणि तो शिष्य झाला. त्रास कोणाला झाला? संन्याशाची पोरं म्हणून त्या चार भावंडांना. त्यांनी तोवर काहीच केलं नव्हतं. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणपर्यंत जावं लागलं, तेही वाघामुळे नव्हे, जन्मामुळे.

"मग मोकाट सोडायचं?" हा प्रश्न येणारच, आला.

नाही. इथे मंडन करायला मला जादूच्याच कायद्याचा आधार आहे. ज्या पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तिथल्या लोकांना त्याचा इतिहास सांगायची गरज नाही. वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. हा कायदा धर्मावर घाला आहे, अशी ओरड तेव्हा झाली. ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वाचला होता, देव जाणे. त्यात मांत्रिकांची यादी नाही, देवऋषींनी चौकीवर हजेरी द्यावी असं नाही, भगताच्या मुलाची नोंद नाही. अनुसूचीत कृत्यं आहेत: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केलीस, अघोरी विधीत कोणाच्या जिवाशी खेळलास, तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आत. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की एखाद्यावर 'हा करणी करतो' असा शिक्का मारून त्याला जगणं नकोसं करणं हाही गुन्हा आहे. सातपुड्याकडे बाईला डाकीण ठरवून मारलं जातं, तिच्यासाठी हे कलम. म्हणजे कायदा जादूगाराच्या हाताकडे बघतो आणि घाबरलेल्या गावाच्या हाताकडेही बघतो. भाच्याच्या टेम्प्लरांना ही दुसरी नजरच नाही.

यावर एक जण म्हणेल की आपल्या राज्यातही 'धोकादायक व्यक्ती' हा कायद्यातला शब्द आहेच. आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंसाठीचा १९८१ चा कायदा. पेपरात 'सराईत गुंड वर्षभरासाठी स्थानबद्ध' अशी बातमी येते ती त्याखालची. खटल्याशिवाय माणूस आत जातो, हे मला रुचत नाही आणि त्याचा गैरवापर होत नाही असं म्हणायचीही माझी छाती नाही. तरीही त्यात एका माणसाचं नाव असतं, त्याने काय केलं ते लिहावं लागतं, सल्लागार मंडळापुढे जावं लागतं, मुदत फार तर वर्षभर. त्याच्या पोराला आत घालता येत नाही. एवढं तरी मनोऱ्याने करून दाखवावं, मग बोलू.

भाच्याकडे शेवटचा हुकुमाचा पत्ता होता. याच खेळाच्या २०११ च्या दुसऱ्या भागात अँडर्स नावाचा जादूगार भर शहरातलं धर्ममंदिर स्फोटाने उडवतो. निरपराध माणसं मरतात. "हे घे तुझं स्वातंत्र्य!" भाचा म्हणाला.

मी अँडर्सची बाजू घेणार नाही. कुंपणात वाढला म्हणून बाँब लावायचा परवाना मिळत नाही. आणि हेही कबूल करतो की जादूगार मोकळे असतील तर कधीतरी, कुठेतरी कोणीतरी पेटवणारच. याची किंमत शून्य आहे असं सांगणारा थापा मारतो. पण मनोऱ्याची किंमत कोणी मोजली? ती रोज द्यावी लागते, आणि ज्यांनी काडी ओढलेली नाही अशा शेकडोंना द्यावी लागते. गावाला तिचा वास येत नाही, एवढंच. शिवाय अँडर्स काही मोकळ्या रानात तयार झाला नव्हता. तो मनोऱ्यातून पुन्हा पुन्हा पळालेला आणि पुन्हा पुन्हा धरून आणलेला होता. मनोरा होता, पहारा होता, कुप्या होत्या, तरीही स्फोट झालाच. मग कुंपणाने नेमकं राखलं काय?

भाचा काही बोलला नाही. पटलं असं मी म्हणणार नाही. वादात हरलेला पुणेकर अजून मी पाहिलेला नाही, आणि हा तर आमच्याच घरातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दूध आणायला खाली गेला तो वीस मिनिटांनी वर आला. मागोमाग आमच्या भांडीवाल्या मावशी. सोसायटीने फाटकाशी अंगठ्याचं यंत्र बसवलंय. स्वयंपाकाच्या बाया, ड्रायव्हर, कचरा नेणारे, सगळ्यांनी येता-जाता अंगठा लावायचा. पंधरा वर्षं भांड्यांची पावडर हाताळून मावशींच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्यात, यंत्राला त्या दिसत नाहीत. वॉचमन म्हणत होता, "हात पुसून लावा, मावशी." त्यांनी पदराला पुसून पाच-सहा वेळा लावला. शेवटी भाच्याने मध्ये पडून त्यांना आत घेतलं.

"तू आठ दिवस जा-ये करतोयस," मी म्हटलं. "तुझा अंगठा घेतला का कोणी?"

"माझा?" तो पिशवी कापून दूध पातेल्यात ओतत म्हणाला. "मला कोण विचारतंय."