हरवलेल्या लेकींचा खुनी पंधरा वर्षें मोकळा कां ?

पेढीवाल्याची सोन्याची सांखळी चोरीस गेली तर फिर्याद तात्काळ लिहून घेतली जाते. मजुराची सज्ञान मुलगी हरवली तर ठाण्यांत पहिला प्रश्न येतो, "कोणाबरोबर गेली ?" या एका प्रश्नानें केवढा घात होतो, याचा दाखला गोव्यांत मिळाला आहे.

फोंडा तालुक्यांतील शिरोड्याचा रिक्षावाला महानंद नाईक एप्रिल २००९ मध्यें पकडला गेला. एका हरवलेल्या तरुणीच्या तपासांत तो सांपडला, आणि मग १९९४ पासूनच्या १६ स्त्रियांच्या खुनांचा आरोप त्याच्यावर आला. १९९४ च्या पहिल्याच प्रकरणांत पोलिसांनीं त्याची चौकशी केली होती व त्यास सोडून दिलें होतें !

त्याची रीत ठरलेली. हुंड्यावांचून लग्न अडलेली गरीब मुलगी हेरावी. हुंडा न घेतां लग्न करतों म्हणावें. आमच्या माणसांस भेटावयास दागिने घालून ये म्हणावें. आणि निर्जन जागीं तिच्याच ओढणीनें तिचा गळा आवळावा. घरच्यांस वाटे, पोरीनें पळून जाऊन लग्न केलें. कोणी अब्रूच्या भीतीनें गप्प बसले. कोणी ठाण्यांत गेले, त्यांचा कागद हरवलेल्यांच्या नोंदींत पडून राहिला. इकडे बेवारस प्रेत सांपडलें कीं अनैसर्गिक मृत्यूचा दुसरा कागद होई. हे दोन कागद शेजारीं ठेवून पाहण्याची बुद्धि पंधरा वर्षें कोणास झाली नाहीं. अटकेनंतर ते काढले, तोंवर पुरावा नाहींसा झाला होता. कांहीं खटल्यांत जन्मठेप झाली. पुष्कळ खटल्यांतून तो सुटला.

त्यास पकडणारेही पोलिसच होते, हें आम्ही विसरत नाहीं. आमचा रोख पद्धतीवर आहे. अठरा वर्षांखालील मूल हरवलें तर गुन्हा नोंदवून तपास करावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्यें बजावलें. मग अठरा पुरीं झालेल्या गरीब मुलीनें काय पाप केलें ? येवल्यापासून कोपरगांव व वैजापूर हाकेच्या अंतरावर, पण जिल्हे तीन. प्रत्येक हरवलेल्या स्त्रीची नोंद शेजारच्या जिल्ह्यांतील बेवारस प्रेतांशीं ठराविक मुदतींत ताडून पाहावी व निकाल घरच्यांस लेखी कळवावा, अशी आमची मागणी आहे.

आणि आपल्या बांधवांसही दोन शब्द. जोतीरावांनीं १८७३ मध्यें सत्यशोधक समाज स्थापून साध्या लग्नाची वाट दाखविली. त्या वाटेनें आपण गेलों असतों तर बिनहुंड्याचें लग्न हें पोरींस भुलविण्याचें आमिषच उरलें नसतें. लेक हरवली तर अब्रूचा विचार मागें ठेवा, त्याच दिवशीं ठाणें गांठा आणि नोंदीची प्रत घेतल्यावांचून उठूं नका. अब्रू जाईल ती तिला न शोधणारांची, तिची नव्हे.