जामीन मिळाला, जामीनदार कुठाय?

कर्नाटकात बसवकल्याणातून फुटून हुलसूर वेगळा तालुका झाला, तरी इथला माणूस गजाआड गेला की घरच्यांना मुलाकतीसाठी बिदर नाहीतर कलबुर्गीची वाट धरावी लागते. मजुरी बुडवून, बसचा प्रवास करून भेट किती? काही मिनिटांची. त्यात आपल्याकडच्या मराठी बायाबापड्यांना कानडीतले कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतात.

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही! शंभराच्या जागेत एकशे एकतीस जण कोंबलेले. तिथं पाणी, संडास, झोपायची वीतभर जागा, सगळ्यालाच रांग. जातीनुसार कामं वाटण्याची तुरुंगातली चाल तर सर्वोच्च न्यायालयाने थेट ३ ऑक्टोबर २०२४ ला घटनाबाह्य ठरवली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी.

कित्येकांचा जामीन मंजूर असतो, पण पहाणी (जमिनीचा उतारा) घेऊन उभा राहणारा जामीनदार नसतो. भूमिहीनाने पहाणी आणायची कुठून? अशा गरीब कच्च्या कैद्यासाठी केंद्राच्या २०२३ च्या योजनेतून पैशांची मदत मिळू शकते. तुरुंगाधिकाऱ्यांनी ही योजना कैद्याला त्याच्या भाषेत सांगायला हवी. कानडीतला फलक भिंतीवर लावला म्हणजे काम झालं, असं नव्हे.

कोठडीतल्या प्रत्येकाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकिलाचा हक्क आहे. घरातलं कुणी आत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मदतीचा दूरध्वनी : १५१००.